आधी धोरण, मग नोंदवही : बाजारातील स्पर्धेत शेतकरी गटाला टिकवणारी माहिती व्यवस्था

माजरीच्या कोळसा खाणीतून ट्रक बाहेर पडतो तो काट्यावर वजन झाल्यानंतरच. किती टन माल, कोणत्या प्रतीचा, कोणासाठी आणि कोणत्या दिवशी निघाला, याची नोंद त्याच वेळी होते. खाणीच्या कुंपणाबाहेरच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर उभी असते. त्या वावरातला माल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या काट्यावर पहिल्यांदा मोजला जातो. ओलावा दुसरा सांगतो, प्रत दुसरा ठरवतो, आणि क्विंटलमागे आपला खर्च किती आला हे आपल्यालाच नक्की ठाऊक नसते.

भद्रावती, वरोरा भागात शेतकरी गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उत्पादक कंपनीची वाट मोकळी केली. २०२० पासून केंद्र शासनाच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेने त्यांची संख्या वाढली. नोंदणी झाली, भागभांडवल जमा झाले, कुठे गोदामही उभे राहिले. तरीही अनेक गट दोन-तीन हंगामांत थंडावतात. भांडवलाची कमतरता हे त्याचे एक कारण आहे. तितकेच मोठे दुसरे कारण म्हणजे निर्णयासाठी लागणारी माहिती वेळेवर हाताशी नसणे. ही माहिती कशी जमवावी, आणि त्याआधी ती कशासाठी जमवावी, ते या लेखात पाहू.

तीन प्रश्न आणि गेलेला सौदा

काही वर्षांपूर्वी भद्रावती तालुक्यातील एका गटाच्या बैठकीला मी हजर होतो. तूर खरेदीसाठी एका डाळ मिलचा प्रतिनिधी आला होता. त्याने तीनच गोष्टी विचारल्या. एकूण माल किती निघेल? कोणत्या आठवड्यापासून मिळेल? वाण एकच आहे की मिश्र? बैठकीत पंचवीसएक सभासद होते आणि प्रत्येकाला आपल्या वावरातले उत्तर माहीत होते. गटाचे उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते. "शंभर-दीडशे क्विंटल निघेल" असे अंदाजाने सांगितले गेले. प्रतिनिधीने चहा घेतला, "कळवतो" म्हणाला आणि पुन्हा आला नाही. त्या हंगामात सर्वांनी नेहमीप्रमाणे आपापली तूर बाजारात नेली.

त्या गटाकडे माल होता आणि मालाची प्रतही चांगली होती. पंचवीस जणांच्या डोक्यातली माहिती एका कागदावर नव्हती, एवढीच उणीव होती. उद्योग-व्यवसायात हे काम करणाऱ्या यंत्रणेला व्यवस्थापन माहिती प्रणाली म्हणतात. नाव मोठे असले तरी काम तीन पायऱ्यांचे आहे.

१. नोंद : जे घडले ते त्याच दिवशी लिहिणे. पेरणी, फवारणी, वेचणी, वजन, विक्री.
२. आढावा : नोंदींची बेरीज, सरासरी आणि तुलना करणे. कोणाचा खर्च वाढला, कोणत्या खरेदीदाराने चुकारे उशिरा दिले.
३. निर्णय : त्या आढाव्यावरून पुढचे पाऊल ठरवणे. कोणता वाण, कोणता बाजार, कधी विक्री.

बहुतेक गट पहिल्या पायरीवर थांबतात. लेखापरीक्षणासाठी वह्या भरल्या जातात आणि कपाटात जातात. ज्या नोंदीवरून पुढचा एकही निर्णय बदलत नाही, ती ठेवण्यात फक्त श्रम जातात.

समोरच्याकडे नोंद असते

आपली स्पर्धा शेजारच्या गटाशी आहे असे आपण समजतो. खरी ओढाताण सौद्याच्या दोन बाजूंमध्ये होते. जिनिंग कारखानदाराला आठवडाभरात किती कापूस आला, त्यातून रुई किती उतरली आणि सरकीचा दर काय आहे हे माहीत असते. आपल्याला फक्त आजचा दर माहीत असतो.

माहितीने खरेदीची पद्धतच कशी बदलते, याचे जवळचे उदाहरण सोयाबीनचे आहे. आयटीसी कंपनीने २००० मध्ये मध्य प्रदेशातील सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल सुरू केले. गावातील एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवला आणि त्याला संचालक नेमले. कंपनीचा खरेदी दर शेतकऱ्याला माल घरून निघण्यापूर्वीच कळू लागला. केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन होई. शेतकऱ्याचा फायदा असा की दर पाहून माल न्यायचा की नाही हे तो घरीच ठरवू शकला. कंपनीचाही फायदा झाला. मधल्या हाताळणीचा खर्च वाचला आणि कोणत्या गावातून कोणत्या प्रतीचा माल येतो हे तिला थेट समजू लागले. पुढे ही पद्धत महाराष्ट्रासह इतर राज्यांतही आली.

यातून घ्यायचा धडा असा. कंपनीने संगणक घेतला म्हणून ती पुढे गेली नाही. थेट शेतकऱ्याकडून कमी खर्चात खरेदी करायची हे तिने आधी ठरवले आणि त्यासाठी लागणारी माहिती त्या संगणकातून मिळवली. गटानेही याच क्रमाने जावे.

स्पर्धेचे तीन मार्ग आणि प्रत्येकाची वेगळी नोंद

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये स्पर्धेत टिकण्याचे तीन मूळ मार्ग मांडले. इतरांपेक्षा कमी खर्चात माल तयार करणे, इतरांपेक्षा वेगळा माल देणे, किंवा ठरावीक ग्राहकवर्ग निवडून त्याचीच गरज भागवणे. शेतीमालालाही हे मार्ग लागू पडतात. प्रत्येक मार्गाला लागणारी माहिती मात्र वेगळी असते.

*पहिला मार्ग : कमी खर्च*

सोयाबीनसारख्या पिकात आपला माल आणि दुसऱ्याचा माल यांत खरेदीदार फारसा फरक करत नाही. दर आपल्या हातात नसतो, खर्च असतो. येथे एकरी उत्पादनापेक्षा क्विंटलमागील खर्च पाहावा. समजण्यासाठी एक नमुना हिशेब घेऊ.

- पहिला कास्तकार : एकरी खर्च १८,००० रुपये, उत्पादन ६ क्विंटल. क्विंटलमागे खर्च ३,००० रुपये.
- दुसरा कास्तकार : एकरी खर्च २४,००० रुपये, उत्पादन ८ क्विंटल. क्विंटलमागे खर्च ३,००० रुपये.
- तिसरा कास्तकार : एकरी खर्च २४,००० रुपये, उत्पादन ५ क्विंटल. क्विंटलमागे खर्च ४,८०० रुपये.

बाजारात ४,३०० रुपये दर मिळाला, तर पहिल्याला एकरी ७,८०० रुपये आणि दुसऱ्याला १०,४०० रुपये उरतात. तिसऱ्याचे २,५०० रुपये जातात. २०२५-२६ हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. तो दर मिळाला तर तिसराही तरतो. म्हणजे हमीभावाच्या केंद्रावर वेळेत नोंदणी करणे आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवणे याची सर्वाधिक गरज तिसऱ्याला आहे. पण हे त्याला कळायला हवे असेल तर खर्चाची नोंद पेरणीपासूनच असली पाहिजे.

गटाने हे आकडे शेजारी-शेजारी मांडले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा खर्च सारखाच आहे, मग उत्पादनात तीन क्विंटलचा फरक कशाने? बियाणे एकरी ३० किलो या शिफारशीप्रमाणे वापरले की दाट पेरले? घरच्या बियाण्याची उगवण तपासली होती का? पाणी साचणाऱ्या भागात सरी काढल्या होत्या का? शेवटची फवारणी गरजेची होती का? उत्तरे गटातच असतात. मात्र ती शोधायला तारीख, मात्रा आणि खर्च लिहिलेला हवा.

फवारणीच्या बाबतीत अशी व्यवस्था राज्यात आधीच चालू आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून कृषी विभागाने पीक कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू केला. ठरलेल्या शेतांत किडी मोजायच्या, आकडे एकत्र करायचे आणि नुकसानीची पातळी ओलांडली तरच सल्ला द्यायचा, ही त्याची पद्धत. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी ही पातळी ठरलेली आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले अथवा बोंडे. आपल्या वावरात सापळा लावून रोजचा आकडा लिहिला तर एखादी फवारणी वाचते, किंवा आवश्यक फवारणी वेळेवर होते. दोन्ही प्रकारे क्विंटलमागील खर्च उतरतो.

*दुसरा मार्ग : वेगळा माल*

कापूस क्विंटलने विकला जातो, पण कारखानदाराला हवी असते रुई. दोन ढिगांचा दर सारखा असला तरी त्यांची किंमत सारखी नसते. एका ढिगातून क्विंटलमागे ३३ किलो रुई आणि दुसऱ्यातून ३६ किलो निघते असे समजू. रुई १५० रुपये किलो आणि सरकी ३५ रुपये किलो धरली, तर तीन किलो जादा रुईचे ४५० रुपये होतात. तीन किलो सरकी कमी मिळाल्याने १०५ रुपये वजा जातात. फरक क्विंटलमागे ३४५ रुपयांचा पडतो. गटाचा २०० क्विंटल कापूस असेल तर ही रक्कम ६९,००० रुपये होते. नोंद नसेल तर ती खरेदीदाराकडे राहते.

ही रक्कम मागायची असेल तर गटाकडे वेचणीनिहाय नोंद हवी. वाण कोणता, वेचणी पहिली की तिसरी, पावसात भिजलेला आणि कवडी कापूस वेगळा ठेवला का, ओलावा किती, आणि नमुना जिनिंग केल्यावर रुईचा उतारा किती आला. एका हंगामाच्या अशा नोंदीवर पुढच्या हंगामात सौदा करता येतो. दोन हंगामांनंतर कमी उतारा देणारे वाण वगळून गट एकाच वाणाची शिफारस करू शकतो. एकसारखा माल हीच गटाची ओळख बनते.

वेगळ्या मालाच्या बाबतीत नोंदीचे महत्त्व चंद्रपूर जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत काही वेगळी लोंबे दिसली. त्यांनी ती वेगळी ठेवली आणि वर्षानुवर्षे निवड करत नवा वाण उभा केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले आणि तो एचएमटी म्हणून देशभर गेला. सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातून पुढे पीकेव्ही-एचएमटी हा वाणही आला. दादाजींना राष्ट्रीय पातळीवर सन्मान मिळाला, पण बियाण्याच्या प्रसारातून इतरांनी जे कमावले त्यातले फारसे काही त्यांच्या घरी आले नाही. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची नजर शास्त्रज्ञाची होती. कमी पडली ती त्यांच्या नावाची वेळीच झालेली कायदेशीर नोंद. तेव्हा तशी सोयही नव्हती. आता पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकरी आपला वाण नोंदवू शकतो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही भागातील गटांनी आपल्याकडील जुन्या सुवासिक किंवा बारीक धानाची गुणवैशिष्ट्ये, क्षेत्र आणि बियाण्याचा स्रोत आजच लिहून ठेवावा.

*तिसरा मार्ग : ठरावीक ग्राहक*

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांनी युरोपचा ग्राहक निवडला. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशामुळे तेथे मालाची अडवणूक झाली. त्यानंतर अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय प्रणाली सुरू केली. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, प्रयोगशाळेत अंश तपासणी, आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. या माहितीमुळे युरोपातील खरेदीदाराचा विश्वास टिकला.

याच कथेचा दुसरा भागही लक्षात ठेवावा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षे पुन्हा अडकली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. प्रणाली चालू होती, तपासण्याही होत होत्या. पण हा घटक तपासणीच्या यादीतच नव्हता. आपण जे मोजायचे ठरवतो तेवढेच आपल्याला दिसते. म्हणून ग्राहकाच्या अटी बदलल्या का, हे दर हंगामापूर्वी विचारून नोंदीचे रकाने त्याप्रमाणे बदलावेत.

गडचिरोलीच्या ग्रामसभांकडून शिकण्यासारखे

वनउपजाच्या व्यवहारातही हेच तत्त्व दिसते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो. परवान्याचे पुस्तक २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. अभ्यास गटात आधी विषय समजून घ्यायचा आणि मग सर्वसहमतीने निर्णय करायचा, ही या गावाची जुनी पद्धत. व्यवस्थापनाच्या भाषेत सांगायचे तर आढावा आणि निर्णय या दोन्ही पायऱ्या गावाकडे आधीपासून होत्या. परवान्याच्या पुस्तकाने नोंदीचा अधिकारही त्यांच्याकडे आला.

तेंदूपानाचेही तसेच. फळीवर ७० पानांचा पुडा मोजला जातो आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. ज्या ग्रामसभेकडे मागच्या तीन-चार हंगामांची फळीनिहाय नोंद आहे, किती गोणी निघाल्या, पान कोणत्या आठवड्यात उत्तम होते, कोणत्या ठेकेदाराने पैसे केव्हा दिले, ती ग्रामसभा लिलावात किमान दर विचारपूर्वक ठरवू शकते. ज्या ठेकेदाराचा दर चढा पण चुकारे रखडलेले, त्याला नकार देण्याचे कारणही तिच्याकडे लेखी असते. माजरी-भद्रावतीच्या कापूस, सोयाबीन गटांना हे जसेच्या तसे उपयोगी आहे.

गटासाठी पाच नोंदी

सुरुवात संगणकापासून करू नये. खालील पाच नोंदी साध्या वहीत एक हंगाम नीट ठेवल्या तरी पुरे.

१. सभासद व क्षेत्र : गट क्रमांक, पीक, वाण, पेरणीची तारीख, अपेक्षित काढणी. ई-पीक पाहणीत नोंदवलेले क्षेत्र आणि ही नोंद जुळली पाहिजे, कारण हमीभाव खरेदी आणि पीक विम्याच्या वेळी सातबाऱ्यावरील पिकाची नोंद पाहिली जाते. या एका वहीतून डाळ मिलच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

२. खर्च : बियाणे, खत, फवारणी, मजुरी, भाडे. तारीख आणि रक्कम. घरच्या माणसांची मजुरीही धरावी, नाहीतर खर्च कमी दिसतो आणि आपण तोट्याच्या दराला नफा समजतो.

३. माल : कोणाचा, किती, ओलावा, प्रत, ढीग क्रमांक. गटाचा स्वतःचा काटा आणि ओलावामापक असावा. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण दर असतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. १२ टक्क्यांचा कापूस ८ टक्क्यांपर्यंत वाळवला की क्विंटलमागे साधारण सव्वाचार किलो वजन घटते, त्यामुळे कपातीने जाते तेवढेच वाळवून जाते. खरा तोटा होतो तो १२ च्या वरचा माल नेऊन गाडी परत आणण्यात. घरीच मोजलेला ओलावा ही फेरी वाचवतो.

४. विक्री : खरेदीदार, दर, कपाती, चुकारे मिळाल्याची तारीख. दोन हंगामांनंतर या वहीतून खरेदीदारांची क्रमवारी लावता येते.

५. बाजार : जवळच्या तीन-चार बाजारांतील दर. माजरी परिसराला वरोरा, भद्रावती, नदीपलीकडची वणी आणि थोडे दूरचे हिंगणघाट असे पर्याय आहेत. त्यांची तुलना फलकावरच्या दराने करू नये, हातात पडणाऱ्या रकमेने करावी. समजा दूरच्या बाजारात कापसाला ७,४०० रुपये आणि जवळच्या बाजारात ७,२५० रुपये दर आहे. दूरच्या बाजारासाठी भाडे १२०, इतर खर्च ३० आणि घट ७४ रुपये धरली तर हातात ७,१७६ रुपये येतात. जवळच्या बाजारात भाडे ५०, इतर खर्च ३० आणि घट ३६ रुपये वजा जाता ७,१३४ रुपये. दीडशे रुपयांचा फरक ४२ रुपयांवर येतो. दूरच्या बाजारात पैसे पंधरा दिवसांनी मिळणार असतील आणि उसनवारीवर व्याज चालू असेल तर तोही उरत नाही. मात्र उलटही घडू शकते. म्हणून दरवेळी हिशेब करूनच गाडी भरावी.

महिन्याला एक पान, एक बैठक

नोंदी ठेवणारा एक माणूस ठरवावा आणि त्याला मानधन द्यावे. गावातील शिकलेली मुलगी किंवा मुलगा, बचत गटाची सचिव हे काम उत्तम करू शकतात. फुकटात चालणारी नोंद दिवाळीनंतर बंद पडते, असा अनुभव आहे. दर महिन्याला पाच वह्यांवरून एका पानाचा आढावा तयार करावा. त्यात एवढेच असावे :

- येत्या दोन महिन्यांत कोणता माल किती आणि केव्हा निघेल
- क्विंटलमागील सरासरी खर्च, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त
- गोदामातील शिल्लक माल व त्याचा ओलावा
- येणे असलेले चुकारे, खरेदीदारनिहाय
- या माहितीवरून बैठकीत घ्यायचा निर्णय

शेवटची ओळ रिकामी राहत असेल तर वरच्या ओळी बदलाव्यात. सर्वाधिक खर्च करणाऱ्या सभासदाचे नाव बैठकीत मोठ्याने वाचू नये. आकडा सर्वांसमोर मांडावा, नावाची चर्चा त्याच्याशी स्वतंत्रपणे करावी. एकदा लाज वाटली की पुढच्या हंगामापासून माणूस खोटे आकडे सांगतो आणि खोट्या आकड्यांवर सगळ्या गटाचा निर्णय चुकतो.

मोबाईल आणि संगणक केव्हा?

वही एक हंगाम नीट चालली की मोबाईलवरील तक्ता वापरावा. सभासद शंभरावर गेले, किंवा एकाच वेळी अनेक पिकांची खरेदी सुरू झाली, की हिशेबाची संगणक प्रणाली घेणे परवडते. ती घेताना चार गोष्टी पाहाव्यात. प्रणाली मराठीत चालते का? इंटरनेट नसताना नोंद घेता येते का? सगळी माहिती आपल्याला हवी तेव्हा काढून घेता येते का? सभासदांचे आधार, बँक खाते आणि जमिनीचे तपशील कोणाकोणाला दिसतात? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. प्रणाली पुरवणाऱ्याशी संबंध तुटला आणि माहितीही त्याच्याकडेच राहिली, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी हातच्या जातात. गटाचे उत्पादन आणि खर्च खरेदीदारालाच दिसू लागले, तर आपल्या नोंदीचा उपयोग तोच आपल्याविरुद्ध सौद्यात करेल.

एकाच माणसाच्या मोबाईलमध्ये सगळी माहिती ठेवणेही धोक्याचे आहे. दर महिन्याचे आढाव्याचे पान छापून कार्यालयात फाईल करावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गटाला भेट देताना "नोंदी ठेवता का?" असे विचारले की होकारच मिळतो. त्याऐवजी "मागच्या महिन्यात नोंदीवरून कोणता निर्णय बदलला?" असे विचारावे. गटाने कमी खर्च, वेगळा माल की ठरावीक ग्राहक यांपैकी काय निवडले आहे, ते आधी स्पष्ट करून घ्यावे. तिन्ही एकदम करू पाहणारा गट तिन्हींच्या नोंदी ठेवतो आणि एकही वापरत नाही. सोयाबीनसाठी कमी खर्च आणि कापसासाठी वेगळा माल, अशी पीकनिहाय निवड चालू शकते. वाण, कीड आणि बियाण्याच्या प्रश्नांसाठी एकार्जुना व सिंदेवाहीची संशोधन केंद्रे आणि कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी गटाच्या नोंदी घेऊनच बोलावे. आकडे समोर असले की शास्त्रज्ञांचा सल्लाही नेमका मिळतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या हंगामासाठी एवढे करा. पेरणीपूर्वी गटाची बैठक घ्या, एक पीक निवडा आणि त्यात आपण कशाच्या बळावर टिकणार हे एका वाक्यात लिहा. त्या वाक्यासाठी लागणाऱ्या नोंदी ठरवा आणि बाकीच्या सोडून द्या. पहिली वेचणी किंवा मळणी झाली की माल आधी आपल्या काट्यावर चढवा, वजन आणि ओलावा लिहा, मगच खरेदीदाराला फोन लावा.